संघ कोणाचा? फुटबॉलचे मास्तर आणि फुटबॉलचे शौकीन

मंडळी, आपल्याकडे पारावर खेळाच्या गप्पा निघाल्या की त्या बहुधा क्रिकेटच्या, नाहीतर कुस्तीच्या. फुटबॉलचा विषय निघतो तो दोनच प्रसंगी. एक, कोल्हापूरचा पाहुणा आला असेल तेव्हा. आणि दुसरा, मुंबईच्या कुपरेज मैदानावर जन्मभर सामने पाहिलेला एखादा निवृत्त कामगार बैठकीत असेल तेव्हा. मग मात्र गप्पा लवकर आटपत नाहीत.

या गप्पांची एक ठरावीक रीत असते. आधी एखाद्या गोलाची आठवण निघते. मग तो गोल करणाऱ्या खेळाडूची. आणि शेवटी कोणीतरी विचारतो, "पण तेव्हा कोच कोण होता?" इथे भांडण सुरू होते. एक म्हणतो, त्याच्याच काळात संघ वर आला. दुसरा म्हणतो, छे, संघ आधीच्याने बांधला, याने नुसती फळं खाल्ली. तिसरा सुस्कारा सोडतो, "त्याला काढला नसता तर आज ही वेळ आली नसती." गावात नाही का आपण म्हणत, अमक्या हेडमास्तरांच्या वेळी शाळेची इमारत झाली, तमक्यांच्या वेळी स्कॉलरशिपला मुलं बसू लागली? सन कोणाच्या लक्षात राहत नाही, माणूस राहतो. फुटबॉलचे शौकीनही आपला इतिहास असाच मोजतात. अमुक साली असे ते म्हणत नाहीत. अमक्याच्या काळात, असे म्हणतात.

हा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. त्यात प्रशिक्षक येतील आणि जातील, संघ उभे राहतील आणि मोडतील. पण वाचता वाचता एक प्रश्न मनात धरून ठेवा: संघ असतो तरी कोणाचा? जो पैसा देतो त्याचा, जो शिकवतो त्याचा, की जो पाहतो त्याचा?

आधी एका शब्दाचा उलगडा करू. इंग्लंडात फुटबॉल संघाच्या मुख्य माणसाला मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे मॅनेजर म्हटला की बँकेतला नाहीतर गिरणीतला साहेब डोळ्यांपुढे येतो. पण फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे अर्धा मास्तर आणि अर्धा कारभारी. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, चेंडू कोणी कोणाकडे द्यायचा, समोरच्या संघाचे कच्चे अंग कोणते, हे सगळे तो ठरवतो. जिंकले तर हार खेळाडूंच्या गळ्यात पडतात; हरले तर बोट याच्याकडे वळते. आपण त्याला प्रशिक्षक म्हणतो, मैदानावरची मुले कोच म्हणतात. मास्तर म्हटले तरी चूक नाही, आणि ते का, हे पुढे दिसेलच.

मुंबईत फुटबॉल आणला तो गोऱ्या पलटणींनी. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी तो चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो पलटणींच्याच छावण्यांतून फिरत राहिला. तेव्हा वेगळा प्रशिक्षक ही कल्पनाच नव्हती. कवायत घेणारा अंमलदारच खेळाची शिस्त लावी. पलटणीची बदली झाली की संघही बदलीवर जाई. मैदानाभोवती उभा असलेला देशी माणूस टाळ्या वाजवी खरा, पण त्या संघाला 'आपला' म्हणण्याची सोय त्याला नव्हती.

ती सोय आधी बंगालने केली. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांतले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. हाच मोहन बागान १९२३ साली मुंबईत येऊन रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे मात्र डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला ४-१ असे हरवले. आणखी चौदा वर्षांनी, १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. तो जिंकणारा हा पहिला देशी संघ.

आता त्या मास्तरांकडे येऊ. शिक्षक बंधुभगिनींनी ही हकिकत मुद्दाम लक्ष देऊन वाचावी, कारण हा माणूस तुमच्यातलाच.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा, हैदराबादचा. पेशाने ते शाळामास्तर होते. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकवायला घेतले. त्याच वर्षी त्या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. मग पुन्हा, आणि पुन्हा. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हा चषक हैदराबादला गेला. कुपरेजवरचे मुंबईकर मनातून हळहळत, पण हैदराबादचा सामना असला की गर्दी मात्र चुकवत नसत. परक्या गावचा संघ येतो, आपल्या संघांना हरवतो, आणि तरी लोक त्याचे कौतुक करतात, ही खऱ्या शौकिनांची खूण.

रहीमसाहेबांची जादू कशात होती? जादू नव्हतीच; शिकवण्याची पद्धत होती. मुलाला उजवा पाय चांगला असतो, डावा कच्चा. रहीमसाहेब कच्च्या पायानेच खेळण्याच्या स्पर्धा भरवीत. काही खेळाडूंना चेंडू स्वतःपाशीच खेळवीत बसण्याची खोड असते. त्यांच्यासाठी चेंडू खेळवत नेण्यालाच बंदी, असे सामने ते ठेवीत. चेंडू आला की लगेच सोबत्याला दिलाच पाहिजे. पाढे पाठ नसलेल्या मुलाला गुरुजी नेमके तेच पाढे म्हणायला लावतात ना, तसेच हे. जिथे कच्चा आहेस तिथेच घोट, असा साधा हिशेब.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे डोळे उघडे असत. जुन्या मांडणीत पाच खेळाडू पुढे, तीन मध्ये आणि दोन मागे असत. १९५३ साली हंगेरीने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे लोळवले, तेव्हा ही जुनी मांडणी मोडकळीला आली हे साऱ्या जगाला कळले. रहीमसाहेबांनी जगातले हे वारे ओळखले आणि आपल्या खेळाडूंना नव्या मांडणीत बसवले. दोन मधले, चार पुढचे, चार मागचे, अशी रचना त्यांनी आपल्या देशात लवकर रुजवली.

देशाच्या संघाचेही तेच प्रशिक्षक होते. १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळाले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथेच आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये असे करणारा तो पहिला आशियाई. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. आणि १९६२ साली जकार्तात पुन्हा आशियाई सुवर्णपदक आले.

त्या जकार्ताच्या अंतिम सामन्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. समोर दक्षिण कोरिया. आपला खंदा बचावपटू जर्नेलसिंग याच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम होऊन टाके पडलेले. मागे उभा राहून डोक्याने चेंडू परतवणे त्याला कठीण. दुसऱ्या कोणी त्याला सरळ बसवले असते. रहीमसाहेबांनी त्याला पुढे पाठवले, गोल करायला! एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला आणि दुसरा या डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगने. भारत २-१ असा जिंकला. रहीमसाहेब तेव्हा स्वतः कर्करोगाने पोखरले गेले होते. पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले. त्यानंतरच्या साठ वर्षांत भारताला ते सुवर्णपदक पुन्हा मिळाले नाही. जुने शौकीन 'रहीमसाहेबांच्या काळी' असे म्हणतात तेव्हा त्यात उगीच थोरवी गाण्याचा भाग नसतो. त्या एका माणसाच्या जाण्याची तारीख आणि आपल्या फुटबॉलची उतरती कळा, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एका दोरीला बांधलेल्या असतात.

आता मुंबईकडे वळू. पलटणी गेल्या, स्वराज्य आले, तेव्हा मुंबईचा फुटबॉल उचलून धरला तो कारखान्यांनी, गिरण्यांनी आणि तेल कंपन्यांनी. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, रेल्वे, पुढे एअर इंडिया आणि महिंद्र. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकला, १९६५ साली मफतलालने. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव, महिनाअखेर पगार. घरी म्हातारी आई म्हणे, "खेळतोस ते खेळ बाबा, पण नोकरी सांभाळ." आणि खेळ हीच नोकरी होती! गरीब घरांतल्या कितीतरी मुलांच्या चुली या चेंडूवर पेटल्या. हे उपकार विसरून चालणार नाहीत.

पण या व्यवस्थेत एक मेख होती. संघ कंपनीचा. प्रशिक्षकही बहुधा कंपनीचाच माणूस. त्याला बढती मिळाली तर तो दुसऱ्या खात्यात जाई. शौकिनांना कोणी विचारीत नसे, आणि विचारण्याचे कारणही कोणाला वाटत नसे. कंपनी चालली तर संघ चालला. मग १९७० नंतरच्या दशकात तेल कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, आणि कॅल्टेक्स, बर्मा शेल ही नावे पाट्यांवरून पुसली गेली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप विस्कटला, गिरण्या एकेक करून थंडावल्या. जिथे कामगारांच्याच संसाराची राखरांगोळी झाली तिथे फुटबॉल संघाचे कोण पुसतो? घर फिरले की घराचे वासेही फिरतात.

ही गोष्ट आंबिवलीच्या माणसाला फोड करून सांगायला नको. मुंबईहून कल्याण, मग शहाड आणि मग आंबिवली. साठेक किलोमीटरचा रेल्वेचा रस्ता. जवळच मोहने, आणि तिथे नॅशनल रेयॉनचा मोठा कारखाना. पाळीचा भोंगा, वसाहतीतले संसार, दुकानांच्या उधारीच्या वह्या, सगळे त्या एका कारखान्याच्या श्वासावर चाले. २००९ साली कारखाना बंद पडला आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. कारखाना बंद पडतो तेव्हा नुसती यंत्रे बंद पडत नाहीत. त्याच्या आसऱ्याने चाललेले सण, खेळ, मंडळे, ओळखीपाळखी, सगळ्यांचाच आधार सुटतो. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, त्यांना गिरणीचा संघ मोडल्यावर त्या संघाच्या शौकिनाला काय वाटले असेल, ते समजायला वेळ लागणार नाही.

नोकरी आणि खेळ यांची ही गाठ पुढेही सुटली नाही. महिंद्र अँड महिंद्रचा संघ १९६२ सालचा. पुढे त्याचे नाव महिंद्र युनायटेड झाले. या संघाने ड्युरँड चषक जिंकला, फेडरेशन चषक जिंकला, आणि २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ही लीग १९९६ ते २००७ अशी अकरा हंगाम चालली आणि त्यांत महाराष्ट्रातला हा एकच संघ विजेता ठरला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. कुपरेजच्या शौकिनांना वाटले, झाले, आता मुंबईचे दिवस आले. चारच वर्षांनी, २०१० साली, कंपनीने संघ बंद केला. संघ हरत होता म्हणून नव्हे, कंपनी बुडाली म्हणूनही नव्हे. पैसा आणि लक्ष यांची वाट बदलली म्हणून. पुढच्याच वर्षी पंजाबातल्या फगवाड्याचा जे. सी. टी. हा संघ बंद झाला. तोही कापडगिरणीचाच आणि पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता!

शौकिनाने आता जायचे कुठे? मंडळी, पहिलवान दुसऱ्या तालमीत जाऊ शकतो, खेळाडू दुसऱ्या संघात जाऊ शकतो, प्रशिक्षकाला दुसरी नोकरी मिळते. मन मात्र असे हलवता येत नाही.

तरी नवा संघ आला की माणूस पुन्हा आशा धरतो. २००७ साली मुंबई एफ. सी. नावाचा संघ निघाला. पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. हे पूर्वी महिंद्र युनायटेडलाही शिकवून गेलेले, त्यामुळे जुन्या शौकिनांना ओळखीचे. आणि २००९ साली सूत्रे आली खालिद जमील या तरुण माणसाकडे. खालिद जमील स्वतः मुंबईच्या मैदानांवरचा खेळाडू. महिंद्रसाठी खेळलेला, एअर इंडियासाठी खेळलेला. दुखापतींनी त्याचे खेळणे लवकर संपवले आणि तो शिकवू लागला.

तो सात वर्षे टिकला. आजच्या फुटबॉलमध्ये ही नवलाचीच गोष्ट. आता प्रशिक्षकाची नेमणूक म्हणजे सालगड्याचा करार झाला आहे. पाडव्याला ठेवायचा आणि पुढच्या पाडव्याला हिशेब करून मोकळा करायचा. पीक आले तर मालकाचे नशीब, नाही आले तर गड्याचा कामचुकारपणा! अशा दिवसांत मुंबई एफ. सी. ने एका माणसावर सात वर्षे भरवसा टाकला. पैसा थोडा, मोठे परदेशी खेळाडू परवडत नाहीत, कुपरेजचे मैदान दुरुस्तीत असले की घरचा सामना खेळायला पुण्याच्या बालेवाडीला जायचे. तरी दर वर्षी संघ वरच्या लीगमध्ये तगून राही. बक्षीस मिळत नसे, पण घरही बुडत नसे. काही शौकीन कुरकुर करीत, "हा नुसता बचाव करतो. गोल कधी करणार?" काही म्हणत, "अरे, आहे त्या शिधोरीत तो घर चालवतो, ते बघा की."

२०१६ साली खालिद जमील गेला आणि संतोष कश्यप आले. खालिद जमील पोचला थेट मिझोरामला, ऐझॉलच्या संघाकडे. आता पुढे काय झाले पाहा. त्याच २०१६-१७ च्या हंगामात ऐझॉलने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातला असा तो पहिलाच संघ. आणि त्याच हंगामात मुंबई एफ. सी. तळाला राहिला. मध्येच पुन्हा प्रशिक्षक बदलून पाहिला, पण बुडते ते सावरले नाही. संघ वरच्या लीगमधून खाली उतरला आणि मग त्याचा गाशाच गुंडाळला गेला.

कुपरेजचे पिवळ्या सदऱ्यातले शौकीन ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली येतो. यातून 'खालिदला ठेवले असते तर...' असा सोपा निष्कर्ष निघतो, पण तो तितका सोपा नाही. संघ एका वर्षात बुडत नाही. पैसा, मैदान, मालकाचा उत्साह या सगळ्यांना आधीच ओहोटी लागलेली असते. प्रशिक्षक जातो तेव्हा ती फक्त दिसू लागते. पण एवढे मात्र खरे की, ज्याला सात वर्षे लोक 'नुसता बचाव करणारा' म्हणत होते तो देशातला मोठा प्रशिक्षक निघाला. २०२५ साली भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते हे असे.

याच काळात फुटबॉलचा मोठा बाजार आपल्याकडे आला. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफ. सी. हा संघ उभा राहिला. पहिली दोन वर्षे त्याचे घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले, २०१६ पासून अंधेरीला. आंबिवलीच्या पोराला नेरूळला जायचे तर ठाण्याला गाडी बदलायची, अंधेरीला जायचे तर घाटकोपरला उतरून मेट्रो धरायची. पण पोरे जातात. निळे सदरे घालून, ढोल बडवीत, उत्तरेकडच्या सज्जात उभी राहून नव्वद मिनिटे गातात. 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' असे त्यांच्या मंडळाचे नाव.

या पोरांना विचारा, ती प्रशिक्षकांची वंशावळ घडाघडा म्हणून दाखवतील. पहिले इंग्लंडचे पीटर रीड. मग फ्रान्सचा निकोलस अनेल्का; तो खेळाडूही आणि प्रशिक्षकही, म्हणजे नवरदेवानेच भटजीपण करावे तसे. मग अलेक्झांड्र गिमारेश. त्यांच्या काळात, २०१६ साली, संघ गुणांच्या तक्त्यात पहिला आला, पण उपांत्य फेरीत हरला. मग पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा. २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या कंपनीने संघाचा मोठा हिस्सा विकत घेतला. त्यानंतर स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले, आणि २०२०-२१ च्या हंगामात लीगचे अव्वल स्थान आणि अंतिम चषक ही दोन्ही बक्षिसे एकदम मिळाली.

पण दैवाचा खेळ बघा. ते वर्ष करोनाच्या साथीचे. सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. १३ मार्च २०२१ ला मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई २-१ अशी जिंकली, तेव्हा सज्जात ओरडायला एकही शौकीन नव्हता. सहा-सात वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि पोरे आपापल्या घरात दूरदर्शन संचापुढे बसलेली. शेजारी आजारी, रस्ते सामसूम. आनंदाने ओरडावे तरी कसे? ही आठवण सांगताना ती पोरे एकदम मोठी वाटू लागतात.

पुढे डेस बकिंगहॅम आले. त्यांच्या हाताखाली, एप्रिल २०२२ मध्ये, मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत भारतीय संघाने जिंकलेला हा पहिला सामना. २०२३ साली त्यांना इंग्लंडातून बोलावणे आले आणि हंगाम अर्धा टाकून ते गेले. मग पेटर क्रॅटकी आले आणि ४ मे २०२४ ला कलकत्त्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून त्यांनी चषक आणला. म्हणजे दहा वर्षांत सात प्रशिक्षक! मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन एकटे १९८६ ते २०१३ असे जवळजवळ सत्तावीस वर्षे एका जागी होते, आणि त्यांनाही पहिला मोठा चषक १९९० साली, म्हणजे चौथ्या हंगामात मिळाला. एवढा धीर आता कोण धरतो?

आता या सगळ्याच्या उलट टोकाला कोल्हापूर बघा. तिथे फुटबॉल कंपनीचा नाही, पेठेचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे नुसती वाचली तरी कळते. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. राजर्षी शाहू महाराजांच्या गावात तालमी रुजल्या, आणि त्याच तालमींनी पुढे फुटबॉलही आपला केला. शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या पेठेची दुकाने ओस पडतात. संघाला शिकवणारा बहुधा त्याच तालमीचा जुना खेळाडू. तो हरला तर त्याला दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाताना दहा जण जाब विचारतात. पण त्याला 'काढून टाकायचे' म्हणजे काय? घरातल्या माणसाला कोणी काढून टाकत नाही. तो बाजूला बसतो, दुसरा पुढे होतो, आणि सामन्याच्या दिवशी दोघेही मैदानावर हजर असतात.

याचा अर्थ कोल्हापुरात सगळे गोड आहे असा नाही. पेठेचे प्रेम कधी कधी पेठेचे वैर होते. सामन्यात हाणामारी होते, दगड पडतात, स्पर्धा थांबवावी लागते. जे आपले असते त्याच्यासाठी माणूस भांडतो, आणि पुष्कळदा भान विसरून भांडतो. पण मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या या तालमींचे संघ टिकून राहिले आहेत, हेही ध्यानात घ्या. मफतलाल गेला, महिंद्र गेला, मुंबई एफ. सी. गेला. पाटाकडील आहे, खंडोबा आहे. पैशाने मोठा कोण होता, आणि टिकला कोण? त्या मातीतूनच अनिकेत जाधव हा मुलगा निघाला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला.

तेव्हा सुरुवातीला धरलेला प्रश्न आता सोडवू. संघ कोणाचा? कागदावर तो मालकाचा, त्यात वाद नाही. मालकाशिवाय सदरे येत नाहीत, बूट येत नाहीत, खेळाडूच्या घरी चूल पेटत नाही. पण मालकाला संघ बंद करता येतो. शौकिनाला तो बंद करता येत नाही. मफतलालचा संघ आज कुठल्याही मैदानावर नाही, पण परळच्या किंवा कल्याणच्या एखाद्या घरात तो अजून १९६५ चा रोव्हर्स जिंकतो आहे. तो म्हातारा गेला की मात्र तो संघ खरोखर संपेल. कारण त्याची आठवण कोणी लिहून ठेवलेली नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या गावात, तुमच्या वसाहतीत, कंपनीच्या किंवा गिरणीच्या संघातून खेळलेली, नाहीतर नुसते सामने पाहिलेली माणसे असतील. पाचवी-सहावीच्या मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. कोण खेळत होते, कोण शिकवीत होते, मैदान कुठे होते, संघ कधी आणि का मोडला, एवढे चारच प्रश्न विचारायला सांगा. आजोबा आधी म्हणतील, "अरे, त्यात काय सांगायचं?" आणि मग दोन तास बोलतील. मुलांना इतिहास म्हणजे काय ते कळेल. गावालाही कळेल की आपला इतिहास राजेरजवाड्यांपुरताच नाही, तो शनिवारच्या संध्याकाळी चिखलात खेळलेल्या सामन्यांचाही आहे.

आणि दुसरे, मैदान राखा. रहीमसाहेब शाळामास्तर होते. त्यांच्याकडे कंपनीचा पैसा नव्हता, परदेशाची पदवी नव्हती. त्यांच्याकडे मुले होती, मोकळी जागा होती, आणि मुलाचा कच्चा पाय कोणता हे ओळखणारी नजर होती. मुले तुमच्याकडे आहेत. नजर तुमच्याकडे आहे. जागा मात्र दर वर्षी कमी होते आहे. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत गाडीच्या खिडकीतून बघत गेलात तर इमारती वाढताना दिसतील आणि मोकळी जमीन आक्रसताना दिसेल. शाळेमागचा एक तुकडा जरी राखता आला, दोन दगडांच्या खुणा ठेवून तिथे गोल मांडता आला, तरी पुष्कळ झाले. मालक येतील आणि जातील, मास्तर बदलतील. चेंडूला लाथ मारायला जागा असली की संघ पुन्हा उभा राहतो, आणि त्याच्याभोवती भांडणारे शौकीनही.